बाईंना काटकोन आठवला नाही

गायकवाड बाई आमच्या शाळेत सहावी-सातवीला गणित आणि विज्ञान शिकवायच्या. निरवांगीच्या पुढं, नीरेच्या अंगाला एक गाव आहे, तिथली ही जिल्हा परिषदेची शाळा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांच्या घरातल्या गोष्टी इथं येणार आहेत ती माणसं अजून तिथंच राहतात, आणि मला अधूनमधून त्यांच्याकडं जायचं असतं.

बाई आणि मी दोघंही बारामतीत राहायचो. सकाळी एकाच एस.टी.नं निघायचो, संध्याकाळी एकाच एस.टी.नं परतायचो. असं नऊ वर्षं चाललं होतं, तेव्हाची ही गोष्ट. इतकी वर्षं शेजारी बसून प्रवास केला म्हणजे माणूस आपल्याला कळलाय असं आपण धरून चालतो. मीही धरलं होतं.

बाईंचं नाव विशाखा. पण त्यांना नावानं हाक मारेल असं शाळेत कुणी नव्हतं, हेडमास्तरसुद्धा नाही. उंच, सावळ्या, चालणं भरभर. साडीला तीन ठिकाणी पिना, आणि चौथी पिन कुणाला लागली तर असावी म्हणून बांगडीत अडकवलेली. डब्यात मेथी असली की तीन दिवस मेथीच असायची. वर्गात त्यांनी एक तापमापक टांगला होता. पोरांनी रोज अकरा वाजता त्याचा आकडा वहीत लिहायचा. एखादी पोरगी म्हणायची, "बाई, आज लई गरम हाय."

बाई म्हणायच्या, "लई म्हणजे किती? बघून सांग."

हे 'बघून सांग' त्यांच्या तोंडात कायम असायचं. अंदाजानं बोललेलं त्यांना चालायचं नाही. "पाऊस पडेल असं वाटतंय," एवढं म्हणायचीसुद्धा आम्हाला स्टाफरूममध्ये चोरी होती. एकदा मी त्यांना विचारलं, की ही सवय कुठून लागली. तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्या आजोबांनी धम्म घेतला ना, तेव्हा त्यांना त्यातलं एवढंच पक्कं कळलं होतं. कुणी मोठ्यानं सांगितलं म्हणून मानायचं नाही, आपण पडताळून बघायचं. ते आम्हाला चहा गोड आहे का एवढं सांगायलाही आधी चाखून बघायला लावायचे."

बाई अठ्ठेचाळीसच्या झाल्या त्या सुमाराला त्यांच्यात फरक पडायला लागला. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग सगळ्यांच्याच लक्षात आलं आणि सगळ्यांनी आपापला अर्थ लावला. ऐन थंडीत त्या वर्गाची दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या आणि पोरं कुडकुडायची. स्टाफरूममध्ये कुणी साधं "काय बाई, बरं आहे ना?" विचारलं तरी त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, नाहीतर त्या अंगावर यायच्या. डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं. एस.टी.त बसल्या बसल्या डुलकी लागायची, आणि जाग आली की आपण कुठं आहोत हे त्या बाहेर बघून ठरवायच्या.

एकदा मी त्यांच्या वर्गावरून चाललो होतो. बाईंनी फळ्यावर दोन रेषा काढल्या होत्या, एक उभी, एक आडवी. खडू त्या कोपऱ्यावर टेकवून त्या उभ्या होत्या. म्हणाल्या, "याला आपण म्हणतो..." आणि थांबल्या. पोरांना वाटलं प्रश्न विचारलाय. पहिल्या बाकावरची आरती म्हणाली, "काटकोन, बाई."

"बरोबर," बाई म्हणाल्या. खडू ठेवला आणि वर्गाबाहेर आल्या. माझ्या समोरून गेल्या पण मी त्यांना दिसलो नाही. वीस वर्षं ज्या शब्दावर त्यांनी पोरांच्या वह्या तपासल्या, तो शब्दच त्यांना सापडला नव्हता.

त्यानंतर आठवड्याभरातच ते झालं. त्याच आरतीचं एक गणित चुकलं. तसं किरकोळच चुकलं होतं, हातचा घ्यायचा राहिला होता. बाईंनी तिची वही भिरकावून दिली आणि तिला अशा शब्दांत झापलं, की शेजारच्या वर्गातली पोरं गप्प झाली. आरती तीन दिवस शाळेत आली नाही. तिचे आजोबा बबनतात्या शाळा व्यवस्थापन समितीवर होते. ते काही बोलले नाहीत, पण बाकीचे बोलले. हेडमास्तरांनी वर पाठवायला एक पत्र तयार केलं. बाईंची बदली करावी, त्यांची मानसिक स्थिती अध्यापनास योग्य राहिलेली नाही, असा त्यात मजकूर होता. खाली आम्हा शिक्षकांच्या सह्या हव्या होत्या.

मी सही केली. सही करण्याआधी त्यातलं शुद्धलेखनही तपासून दिलं. 'मानसिक' मधली वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त केली. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

पत्र अजून हेडमास्तरांच्या कपाटातच होतं, तेव्हाची गोष्ट. पौषातली सकाळ होती. एस.टी.त सगळे स्वेटर आणि कानटोप्या घालून आखडून बसले होते. लासुर्णे मागं पडलं आणि बाई एकदम उठून उभ्या राहिल्या. कंडक्टरला म्हणाल्या, "थांबवा. मला उतरायचंय."

"मॅडम, हितं थांबा न्हाय."

"थांबवा म्हणते ना."

गाडी थांबली. बाई उतरल्या, आणि का कोण जाणे, मीही त्यांच्या मागं उतरलो. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. बाईंनी अंगावरची शाल काढली, बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन मानेवर मारलं. चेहरा लालबुंद झाला होता. त्या थंडीत कपाळावरून घामाचे ओघळ चालले होते. चार-पाच मिनिटांत ते ओसरलं आणि त्यांना हुडहुडी भरली. मी शाल उचलून दिली.

"सर, तुम्ही सही केलीत ना?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"बरोबर केलंत. जिला काटकोन आठवत नाही तिनं शिकवू नये." मग शाल गुंडाळून घेत म्हणाल्या, "माझी आई वेडी झाली होती. मलाही तेच होतंय."

रस्त्याकडेच्या दगडावर बसून त्यांनी मला आईची हकिकत सांगितली. त्यांचं माहेर पळसदेवचं, वडील मास्तर, घर धरणाच्या पाण्याजवळ. आई पन्नाशीला आलेली असताना रोज दुपारी उठायची आणि पाण्यात जाऊन बसायची. लुगड्यासकट, कंबरेएवढ्या पाण्यात. मासे धरणारी माणसं होडीतून बघायची. गावात बोभाटा झाला, की मास्तरांची बायको येडी झाली. कुणी म्हणे बाहेरचं लागलंय. घरात असलं कुणी मानत नव्हतं, पण एक दिवस पाय घसरून बुडेल ही भीती सगळ्यांनाच होती. म्हणून दुपारी तिला खोलीत ठेवून बाहेरून कडी लावायला लागले.

"मी तेव्हा डी.एड.ला होते," बाई म्हणाल्या. "सुट्टीत घरी आले की कडी मीच लावायची. ती आतून म्हणायची, 'अंगात आग हाय गं.' एवढंच म्हणायची. मी विज्ञानाची विद्यार्थिनी. कुठं आग होते, कधी होते, किती वेळ राहते, एकदासुद्धा विचारलं नाही."

पुढच्या गाडीला अर्धा तास होता. शेवटी मी एवढंच म्हणालो, "मग आता विचारा. स्वतःला."

हे मी काही शहाणपणानं बोललो नव्हतो. शांतता सहन होईना म्हणून बोललो. पण बाई मान वळवून माझ्याकडं बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या पिशवीत एक दोनशेपानी वही आली. पोरांना आखायला लावायच्या तसेच रकाने आखलेले: तारीख, वेळ, किती मिनिटं, आधी काय चाललं होतं, पाळी कधी आली, किती दिवस राहिली, झोप किती झाली. एस.टी.त चेहरा लाल झाला की त्या घड्याळ बघायच्या आणि ओसरलं की लिहायच्या. पंधरा दिवसांनी वही घेऊन त्या बारामतीत एका डॉक्टरांकडं गेल्या. डॉक्टरांनी वही उघडलीही नाही. म्हणाले, "वय झालं की बायकांना हे होतंच. मन रमवा कशाततरी." आणि ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या.

बाई त्यांना म्हणाल्या, "वयामुळं होतंय हे मलाही माहीत आहे. काय होतंय ते सांगा."

त्यांनी सांगितलं नाही. म्हणून बाई दुसऱ्या डॉक्टरांकडं गेल्या. या डॉक्टर बाई होत्या, वयानं लहान, आणि त्यांनी अर्धा तास वही वाचली. थायरॉइड, साखर, रक्त, सगळं तपासलं, छातीची पट्टी काढली. म्हणाल्या, धडधड होते तर आधी हृदय बघून घेऊ, सगळंच या वयावर ढकलायचं नसतं. ते सगळं ठीक निघाल्यावर त्यांनी समजावून सांगितलं, आणि तेच बाईंनी आम्हाला सांगितलं. मधल्या सुट्टीत, स्टाफरूमच्या फळ्यावर आलेख काढून.

"ही इस्ट्रोजेनची रेषा," बाई म्हणाल्या. "आपल्याला वाटतं ती अशी हळूहळू खाली उतरत जाते. तसं नाही. पाळी पुरती जायच्या आधी चार-पाच वर्षं, कुणाला जास्तही, ती अशी वरखाली उड्या मारते. मेंदूत अंगाचं तापमान सांभाळणारी एक जागा असते, ती त्यामुळं बिथरते. जरा कुठं उबारा वाढला की तिला वाटतं लई तापलं. मग ती घाम काढते, कातडीकडं रक्त ढकलते. झोपेतही तेच होतं, म्हणून झोप मोडते. झोप मोडत राहिली की शब्द सापडत नाहीत, माणूस चिडतो, रडतो. सांधे धरतात, लघवीला जळजळतं. पाळी थांबून सलग एक वर्ष झालं, की मग ती गेली म्हणायची."

हेडमास्तर खिडकीबाहेर बघत होते. मी टेबलावरच्या डागाकडं बघत होतो. बाईंनी फळा पुसला आणि तासाला गेल्या.

डॉक्टरांनी त्यांना हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या, तपासण्या करून आणि दरवर्षी पुन्हा बघायचं ठरवून. ही गोळी सगळ्यांना चालत नाही, हे बाई प्रत्येक बाईला आवर्जून सांगायच्या. कुणाला स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला असतो, कुणाच्या पायात रक्ताची गाठ झालेली असते. त्यांच्यासाठी वेगळे उपाय असतात. "माझी गोळी मागू नका," त्या म्हणायच्या, "माझ्या डॉक्टरांचा पत्ता मागा." दोन-तीन महिन्यांत त्यांची झोप परतली. शब्दही परतले. सगळे नाही, पण काटकोन आला.

पत्राचं मात्र अजून व्हायचं होतं. समितीची बैठक लागली तेव्हा बाईंनी हेडमास्तरांना सांगितलं, की ते पत्र सगळ्यांसमोर वाचा. हेडमास्तर चाचरले. तेव्हा बाईंनी स्वतःच ते हातात घेतलं आणि वाचलं, शेवटच्या सहीपर्यंत. माझं नावही वाचलं. त्यांच्या आवाजात कुणाबद्दल राग नव्हता.

मग म्हणाल्या, "मी आरतीला जे बोलले ते चूक होतं. तिच्या घरी जाऊन मी तिची माफी मागितली आहे, आज तुमच्यासमोर मागते. बाकी, माझी मानसिक स्थिती नीट आहे. माझी पाळी जायची वेळ आली आहे आणि त्याचा मला त्रास होत होता. आता औषध चालू आहे. यानंतरही मी शिकवू नये असं वाटत असेल तर पत्र पाठवा."

चौदा माणसं बसली होती, त्यात चार बायका. पाळी हा शब्द त्या खोलीत त्याआधी कुणी उच्चारला नसावा. बायकांनी पदर सावरले. पुरुष जमिनीकडं बघायला लागले.

बबनतात्यांनी घसा खाकरला. सत्तरीच्या आतबाहेरचे, धोतर-टोपी, बोलणं कमी. त्यांच्या नातीला बाईंनी रडवलं होतं, म्हणून सगळे त्यांच्याकडं बघायला लागले.

"बाई, एक इचारू का?" ते म्हणाले. "आमची थोरली सून हाय. आरतीची आई. सालभर झालं, कुणाशी धड बोलत न्हाय. मधीच भांडी आपटती, मधीच गोठ्यात जाऊन रडती. पोराला वाटतं त्येच्यावर राग हाय. आमी तिच्या भावाला बोलावून घ्यायचं म्हणत होतो, घिऊन जा म्हणून. हे तसंच असंल का?"

"असेल किंवा नसेलही," बाई म्हणाल्या. "अंदाजानं कसं सांगू? तिला विचारावं लागेल."

"मग तुमीच इचारा," तात्या म्हणाले. "आमाला ती काय सांगायची न्हाय. आन ते पत्र ठिवा तिकडं."

पत्र फाडलं वगैरे नाही कुणी. हेडमास्तरांनी ते परत कपाटात ठेवलं. पुढं कधीतरी रद्दीत गेलं असेल.

त्या शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर आरतीची आई आली. पुढच्या शनिवारी तिच्याबरोबर तिची जाऊ आली. मग व्हरांड्यात शनिवारी सात-आठ बायका दिसायला लागल्या. बाई त्यांना वह्या आखून द्यायच्या. लिहिता न येणाऱ्या बायकांनी काय करायचं? अंगात आग झाली की लाल टिकली लावायची, पाळी आली की निळी रेघ मारायची. आरतीच्या आईची वही आरती भरायची, आणि मला वाटतं मायलेकी त्या वहीवरच पुन्हा बोलायला लागल्या. बायका लवकरच मोकळेपणानं बोलायला लागल्या. मी स्टाफरूममध्ये वह्या तपासत बसायचो आणि त्यांचं हसणं ऐकायचो.

त्यातच एके दिवशी द्रौपदामावशी आल्या. आमच्या शाळेत खिचडी शिजवायच्या, वय चोपन्न-पंचावन्न. हसत हसतच म्हणाल्या, "बाई, माझं तर उलटंच झालं. तीन सालं बंद होतं, आता परत सुरू झालंया. मी परत तरणी झाले जणू."

बायका हसल्या. बाई हसल्या नाहीत.

"कधीपासून, मावशी?"

"झालं की दीड म्हैना. थोडं थोडं जातं. दुखत बिखत काय न्हाय."

"सोमवारी आपण दोघी बारामतीला जायचं."

मावशींच्या मालकांनी नको म्हणून सांगितलं. दुखत नाही, ताप नाही, मग दवाखाना कशाला, असं त्यांचं म्हणणं. रविवारी बाई एस.टी.नं परत गावात आल्या आणि त्यांच्या ओट्यावर जाऊन बसल्या. मी हे ऐकलेलं सांगतोय. त्या मालकांना म्हणाल्या, "दादा, पाळी एकदा वर्षभर थांबली की पुन्हा अंगावरून जाता कामा नये. एक थेंब गेला तरी दाखवायचं. बहुतेक वेळा साधंच काहीतरी निघतं. पण ते साधं आहे हे बघितल्याशिवाय कळत नाही. मी भित्री आहे असं समजा आणि माझ्या समाधानासाठी पाठवा."

तपासणीत मावशींचं साधं निघालं नाही. गर्भपिशवीच्या अस्तराला कॅन्सर होता, पण अगदी सुरुवातीचा. पिशवी काढावी लागली. डॉक्टर म्हणाल्या, आणखी वर्षभर थांबल्या असत्या तर गोष्ट वेगळी होती. ऑपरेशनच्या दिवशी बाई रजा काढून दवाखान्यात बसून होत्या. चार महिन्यांनी मावशी पुन्हा खिचडी शिजवायला आल्या. आल्या त्या दिवशी त्यांनी बाईंच्या ताटात वाढताना एवढा ढीग केला, की बाई म्हणाल्या, "मावशी, मी खाऊ किती?" मावशींनी वर आणखी तेल सोडलं.

मी बाईंना पुढं एकदा विचारलं, की हे सगळं करताना आई आठवते का. त्या म्हणाल्या, "आठवते. पण तिच्यासाठी करते असं म्हणणार नाही. तिच्यासाठी करायचं ते तेव्हाच करायला हवं होतं." बारामती येईपर्यंत त्या पेपर वाचत राहिल्या.

बाई निवृत्त झाल्या आणि वर्षभरानं मुलीकडं नाशिकला कायमच्या जायला निघाल्या. त्याच सुमाराला माझ्या घरी एक गोष्ट चालू होती. माझी बायको, शोभा, सेहेचाळीसची. काही महिन्यांपासून ती घरात असून नसल्यासारखी झाली होती. विचारलं तर "काही नाही" म्हणायची. मी दुखावलो होतो. माझ्या एका नातेवाइकाच्या लग्नावरून आमची बोलाचाली झाली होती, त्याचा राग तिनं धरलाय असं मला वाटत होतं. स्टाफरूमच्या फळ्यावरचा तो आलेख मी डोळ्यांनी बघितला होता. व्हरांड्यातली बोलणी वर्षानुवर्षं ऐकली होती. तरी मला स्वतःच्या घरात ते ओळखता आलं नाही. ओळखलं ते बाईंनी, तेही फोनवर. मी निरोपाचा म्हणून फोन केला होता. वहिनी कशा आहेत विचारल्यावर मी जरा तक्रारीच्याच सुरात सांगितलं. त्या म्हणाल्या, "उद्या दोघं या. सामान बांधायला मदत पाहिजेच आहे."

आम्ही गेलो. घरात खोकीच खोकी होती. भिंतीवर फक्त बुद्धाची एक तसबीर राहिली होती, ती शेवटी काढायची होती. शोभा खोक्यात भांडी कागदात गुंडाळून भरायला बसली, आणि बाईंनी मला सुतळी आणायला पिटाळलं. घरात सुतळीचा अख्खा गुंडा होता, तो मला दिसत होता. तरी मी गेलो. दुकान जवळच होतं. मुद्दाम लांबून फिरून, अर्ध्या तासानं परतलो.

दार उघडंच होतं. दोघी जमिनीवर खोक्यांच्या मध्ये बसल्या होत्या. शोभा बोलत होती. ती इतकं सलग बोललेली मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. काय बोलत होती ते मला दारातून नीट ऐकू येत नव्हतं. एका हातात तांब्या होता आणि तो हलवत हलवत ती सांगत होती. बाई ऐकत होत्या. चष्मा डोक्यावर सरकवलेला, मांडीवर एक कोरी वही. वहीत अजून काही लिहिलेलं नव्हतं.

माझी चाहूल लागली तशी बाईंनी माझ्याकडं न बघता उजव्या हाताचा पंजा उचलला. अजून नाही, असा.

मी सुतळी हातात घेऊन बाहेर पायरीवर बसलो.